टाकीचा झगा

आमच्या गाडीच्या गॅसच्या टाकीला मी एकदा झगा शिवला होता.

अन्वी, ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या समीरकाकाने एवढंच वाक्य टाकलं आणि फोन ठेवून दिला. तुम्ही दोघं तिकडे हसत सुटलात म्हणे. अर्धवट माहिती फिरत राहिली की तिचं काहीच्या काही होतं, म्हणून मी सगळं क्रमवार लिहून पाठवते आहे. मी पस्तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते. क्रम सोडून मला साधा चहासुद्धा करता येत नाही.

आधी तांत्रिक भाग. तुमच्या आजोबांनी गाडीला सीएनजी बसवून घेतला, म्हणजे गाडी पेट्रोलऐवजी दाबून भरलेल्या गॅसवर चालायला लागली. हा गॅस एका जाडजूड टाकीत साठवतात आणि ती टाकी डिकीत आडवी पडलेली असते. (दुपारच्या जेवणानंतरच्या आजोबांसारखी. हे त्यांना वाचून दाखवू नका.) मग डिकीत सामानाला जागा उरते ती दोन नारळ आणि एक छत्री एवढी. टाकीची तपासणी कधी झाली हे कोरलेली एक पत्र्याची प्लेट असते. ती बॉनेटखाली, गॅस भरायच्या तोंडाजवळ तारेने लटकवलेली असते. पंपावरची माणसं आधी ती प्लेट बघतात आणि मगच गॅस भरतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं!

तर समीरकाकाचा साखरपुडा ठरला. मुलगी घोटीची, म्हणजे तुमची मेघनाकाकू. तिच्या घरची भाताची गिरणी. ती मंडळी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा त्यांना दहा मिनिटं उशीर झाला होता आणि मी हसत हसत, पण स्पष्ट म्हटलं होतं, "आमच्याकडे दहा म्हणजे दहा हं!" त्यावर मेघनाची आजी, म्हणजे माई, शांतपणे म्हणाल्या होत्या, "बरं. तुम्ही घोटीला याल तेव्हा बघू की."

साखरपुड्याचा मुहूर्त होता अकरा वाजून वीस मिनिटांनी. तो समीरसाठी मुहूर्त असेल, माझ्यासाठी परीक्षा होती.

आठवडाभर मी गाडीच्या मागे लागले. व्याह्यांसमोर डिकी उघडायची आणि आत ती टाकी उघडीबोडकी! आपल्याकडे मिक्सरला कव्हर असतं, टीव्हीला असतं, मग हिनेच काय पाप केलं? मी जुन्या इरकलीची खोळ शिवली. तिला बाहेरून आठ कप्पे, प्रत्येकाला झाकण आणि बटण. कप्प्यांवर फक्त क्रमांक, कारण आत काय आहे ते चोराला कळता कामा नये. मधोमध माझं नाव आणि फोन नंबर भरतकामात. मग खोळ टाकीवर चढवली आणि खड्ड्यांमध्ये सरकू नये म्हणून जागच्या जागी दुहेरी टाक्यांनी शिवून टाकली.

बॉनेटखालची ती प्लेट गाडी चालताना टणटण वाजायची. इतकी महत्त्वाची वस्तू कोणी तारेने लटकवून ठेवतं का? मी ती काढून फाइलमध्ये घातली.

निघायच्या आदल्या दिवशी आजोबा म्हणाले, "अगं, कुठे काय ठेवलंस त्याची यादी केलीस ना?"

"केली आहे. पर्समध्ये आहे. पण मला बघायची गरज नाही. यादी विसरणाऱ्यांसाठी असते!"

हे माझे शब्द. साक्षीदार तीन.

सकाळी साडेआठला निघालो. आजोबा गाडी चालवत होते, शेजारी जोधपुरी कोटातला समीर, मागे मी आणि कुसुमवन्सं, म्हणजे आजोबांची मोठी बहीण. गॅस संपत आला होता, पण आजोबांचा नियम असा की भरायचा तो सकाळीच, तेव्हा प्रेशर चांगलं असतं. हाच नियम अख्ख्या नाशिकचा असल्यामुळे पंपावर मोठी रांग होती. तासाने आमचा नंबर लागला. गॅस भरताना गाडीत कोणी बसायचं नाही आणि मोबाइल बंद, अशी पाटी होती. मी तत्काळ मोबाइल बंद केला आणि इतर तिघांनाही करायला लावला.

"या गुडघ्यांनी उतरायचं?" कुसुमवन्सं म्हणाल्या.

"नियम आहे, वन्सं."

"नियम म्हटलं की तुला चेव येतो."

पंपावर सुनंदा नावाच्या बाई होत्या. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. त्यांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं. "काका, प्लेट कुठाय?"

"घरी आहे," मी अभिमानाने म्हटलं. "फाइलमध्ये. अगदी सुरक्षित!"

"मग गॅस पण घरीच भरा. प्लेट नाही, गॅस नाही."

कुसुमवन्सं खदाखदा हसल्या. "बघ, तुझीच बहीण भेटली! कार्ड नाही, पुस्तक नाही. किती पोरांना परत पाठवलंस गं?"

मी सुनंदाबाईंना मुहूर्त सांगितला, मुलगी सांगितली, गिरणी सांगितली. त्या ढिम्म. (मीही अशीच असायचे. समोरून हे किती चीड आणणारं असतं याची मला कल्पना नव्हती.) शेवटी त्या म्हणाल्या, "टाकीवर पण तारीख ठोकलेली असते. ती दाखवा, मग साहेबांना विचारते."

आजोबांनी डिकी उघडली. सुनंदाबाई बघतच राहिल्या.

आमच्या मागे एक भाजीचा टेम्पो होता. त्याचा चालक, बाळूभाऊ, डोकावला. "आयला! टाकीला झगा घातलाय! आजी, थंडी वाजत होती का तिला?"

"काढा तो," सुनंदाबाई म्हणाल्या.

"निघत नाही. शिवलाय."

"आई!" समीर ओरडला.

"मग आपण पेट्रोल टाकू," आजोबा म्हणाले. गाडी पेट्रोलवरही चालते, पण पेट्रोलच्या झाकणाला कुलूप असतं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा चाळला आणि माझ्याकडे बघितलं.

"ती किल्ली सहा महिन्यांत कोणी वापरली नव्हती," मी म्हटलं. "मी काढून खुंटीला लावली."

"यादी बघ, यादी! गाडीत काहीतरी असेल."

"मला पाठ आहे. प्लेट फाइलमध्ये, किल्ली खुंटीवर. यादी बघून काय होणार?"

मागून हॉर्न सुरू झाले. गाडी रांगेतून बाहेर काढा, असा हुकूम झाला. चालू करावी तर गॅस संपेल या भीतीने समीरने कोट सावरत ती मागून ढकलली. मी पैठणीचा पदर खोचून एक हात लावला. वन्सं सूचना देत होत्या.

पंपापासून लांब, भिंतीशी गाडी लावली. आता कात्री हवी. अख्ख्या पंपावर कात्री नव्हती! आजोबा समोरच्या टपरीवर गेले, तिथे नव्हती. समीर शेजारच्या गॅरेजात गेला, तिथे पत्रा कापायची होती. शेवटी बाळूभाऊच सुतळी कापायचं पातं घेऊन आला.

"आजी, शिलाई लय पक्की हाय हो!"

"धन्यवाद," मी म्हटलं. सवयीने.

वीस मिनिटं तो टाके कापत होता. खोळ निघाली, तारीख दिसली, मुदत शिल्लक होती. सुनंदाबाईंनी साहेबांना विचारलं, साहेबांनी मान हलवली. "ह्या वेळेपुरतं. आणि प्लेट परत लावा." आम्ही पुन्हा रांगेत, या वेळी साहेबांच्या कृपेने अगदी पुढे. पुन्हा सगळे खाली. "उतरा, चढा, उतरा, चढा," वन्सं म्हणाल्या, "साखरपुडा आहे की कवायत?" गॅस भरला आणि आजोबांनी गाडी अशी हाणली की इगतपुरीच्या बाजूचे डोंगर आमच्याकडे धावत आल्यासारखे वाटले.

घोटीला कार्यालयात शिरलो तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती! मी माईंसमोर जाऊन नमस्कार केला आणि हातातलं घड्याळ जरा वर धरलं. "आठ मिनिटं आधी," मी म्हटलं. त्या हसल्या. हे मी बोलायला नको होतं.

गुरुजींनी विचारलं, "मुलीची अंगठी?"

"अंगठी," आजोबा माझ्याकडे वळले.

पर्स ही चोराची पहिली जागा, म्हणून अंगठी मी अशा ठिकाणी ठेवली होती की चोराला सात जन्मांत सुचणार नाही. ते ठिकाण या क्षणी मलाही सुचेना. मी यादी काढली. त्यात माझ्याच सुवाच्य अक्षरात होतं: अंगठी, खोळ, कप्पा चार.

आणि खोळ? ती मी पंपावर स्वतःच्या हाताने नीट चौपदरी घडी करून भिंतीवर ठेवली होती. आणि तिथेच विसरून आले होते.

अकरा वाजून अठरा मिनिटं. सनई थांबवली गेली. समीर माझ्याकडे असा रडवेला बघत होता की मला त्याचं बारसं आठवलं. मेघनाचे वडील हळूच विचारत होते, "काही अडचण आहे का?" मी तोंड उघडणार एवढ्यात दारातून आवाज आला.

"टाकीच्या झग्यावाल्या आजी कोण हायेत?"

बाळूभाऊ! खांद्यावर माझी इरकल! घोटीच्या बाजारात भाजी टाकायला येतच होता. सुनंदाबाईंनी भिंतीवरून खोळ उचलून त्याच्या हवाली केली होती. कप्पा एकमध्ये जादा निमंत्रणपत्रिका निघाली, त्यावर पत्ता होता. "फोन लावून लावून दमलो आजी," तो म्हणाला, "बंद लागतोय." (पाटीवर बंद करा असं होतं. परत चालू करा असं कुठे होतं?)

मी हात पुढे केला. त्याने खोळ मागे घेतली.

"थांबा. ताईंनी सांगितलंय, वस्तू किमती हाय, खात्री केल्याबिगर द्यायची नाय. कप्प्यात काय काय हाय ते सांगा."

"अहो, तुम्ही मला ओळखता ना!"

"मी ओळखतो. पण ताईंचा नियम हाय."

दोनशे माणसांसमोर, व्याह्यांसमोर, माईंसमोर मी माझी यादी मोठ्याने वाचायला लागले.

"एक, पत्रिका. दोन... कात्री."

समीरने डोळे मिटले.

"तीन, सुईदोरा. चार, अंगठी. पाच..." माझा आवाज आपोआप लहान झाला. "पाच, पेट्रोलच्या झाकणाची दुसरी किल्ली."

"मोठ्यानं!" वन्सं म्हणाल्या.

"सहा." मी थांबले. आदल्या रात्री, झोपायच्या आधी, गाडीची वस्तू गाडीतच असावी या विचाराने मी एका वस्तूचं पुनर्वर्गीकरण केलं होतं. "सहा, गॅसची प्लेट."

आजोबा जवळच्या खुर्चीत बसले. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. आणि मग कार्यालयात एक हसू फुटलं. ते मेघनाचं होतं. नटूनथटून पाटावर बसलेली ती मुलगी पोट धरून हसत होती. मग माई हसल्या, गुरुजी हसले, आणि अंगठी बोटात गेली तेव्हा अकरा एकतीस झाले होते.

"विहीणबाई," माई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमची दहा मिनिटं, तुमची अकरा. आता फिटलं!"

त्या खोळीची मेघनाने पुढे दोन आसनं शिवली. बाळूभाऊ आणि सुनंदाबाई लग्नाला जेवायला होते. प्लेट पुन्हा बॉनेटखाली तारेने लटकते आहे, टणटण वाजते आहे, आणि तिला हात लावायला मला बंदी आहे. आजोबा म्हणतात, आपल्या घरातली ती एकच वस्तू अशी आहे जी हवी तेव्हा पटकन सापडते, कारण ती तू अजून नीट ठेवलेली नाहीस.