पांडूदादा आणि युसुफभाई: न झालेली फायनल

राख सावडायच्या आधीच तुम्ही त्याला पळपुटा म्हणालात.

काल दुपारी अंजूरला पांडूदादाला अग्नी दिला. घरी आलो, आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि मोबाईल उघडला.
गावच्या ग्रुपवर पोल चालू होता.

"भिवंडीचा बेस्ट बँटमवेट बॉक्सर कोण? पांडू की युसुफ?"

खाली एकाचं उत्तर: "पांडू कसला बेस्ट! फायनलला युसुफला बघून पळालेला तो."
त्याच्या खाली हसणारे चेहरे. मोजायची इच्छा झाली नाही.

ज्याने हे लिहिलं, त्यानेच सकाळी हात जोडलेला फोटो टाकला होता. सकाळी श्रद्धांजली, संध्याकाळी टिंगल. त्याला गोडाऊनचं भाडं घरबसल्या येतं, वेळ भरपूर आहे.

त्या ग्रुपवर पांडूदादाची मुलगी वैशाली पण आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. वळ गावात दिली आहे तिला.
तिचा फोन आला. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"काका, खरं सांगा. बाबा पळालेले का?"

"सकाळी घरी येतो. समोर बसून सांगतो," म्हटलं.

आता तुम्हालाही सांगतो.

बॉक्सरची तुलना करू नये असं माझं म्हणणं नाही. आम्ही नाक्यावर चहा पिताना हेच करायचो. कधी या दोघांसमोर त्यांना बॉक्सिंग शिकवणाऱ्या सरांना उतरवायचो. सर त्यांच्या उमेदीत डावखुरे होते, दोघांनाही त्यांनी पहिल्या राउंडला गोंधळात टाकलं असतं.

पण खरी मजा पांडू आणि युसुफ समोरासमोर लावण्यात.

युसुफभाई पॉवरलूमवर काम करायचे. उंच, हात लांब. चोपन्न किलोच्या आतला माणूस एवढा उंच क्वचित मिळतो. त्यांचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दिसायचाच नाही, समोरच्याची मान मागे गेली की कळायचं.
पांडूदादा बुटका, खाडीत होडी वल्हवून खांदे तयार झालेले. तो तोंडावर मारायच्या भानगडीत पडायचा नाही. आत घुसायचा आणि बरगडीखाली ठेवून द्यायचा.

माझ्या डोक्यात ही फायनल शेकडो वेळा झाली आहे.
पहिला राउंड युसुफभाईंचा. दुसरा पण थोडक्यात त्यांचाच. तिसऱ्यात पोटावर खाऊन खाऊन त्यांचे हात खाली येतात, आणि मग पांडूदादा त्यांना दोरीला लावतो.
देवाला स्मरून सांगतो, पॉइंटवर युसुफभाई जिंकले असते असंच मला वाटतं.

हरला असता म्हणा. माझी काही तक्रार नाही.
पळाला म्हणू नका.

झालं असं. सेमीफायनल जिंकून झाली होती आणि फायनलच्या चार दिवस आधी पांडूदादाचे वडील गेले. मुलाने जिल्ह्याची फायनल खेळावी म्हणून त्या माणसाने सोमवार धरले होते. सुतकात खेळायचं की नाही, कुणाला सुचेना.
शेवटी आई बोलली.
"जा तू. तुज्या बापसाची इच्छा हाय. पन दाढीला वस्तारा लावायचा न्हाय. ते दहाव्यालाच."

बॉक्सिंगचा नियम तिला काय माहीत! आणि खरं सांगायचं तर घरात कुणालाच आठवला नाही. त्या वेळी दाढी वाढलेल्याला रिंगमध्ये सोडत नसत. खुंट समोरच्याच्या डोळ्याला लागतात म्हणून.

वजन झालं. वजन बरोबर होतं. मग अधिकाऱ्याने हनुवटीवरून अंगठा फिरवला.
"दाढी करून ये."

सर वस्तारा घेऊन धावत आले. "पांडू, दोन मिनिटांचं काम आहे. मी करतो."
"सर, बापाचं दहावं झालं न्हाय."
"अरे, फायनल आहे!"
"आयला शब्द दिलाय."

आणि तो कपडे घालून बाहेर पडला. हॉलमध्ये घोषणा झाली ती फक्त युसुफभाईंना वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच विजय, मिळाल्याची. कारण कुणी सांगितलं नाही. पब्लिकने शिट्या मारल्या, मी तिथेच बाकावर होतो. शाळेत होतो तेव्हा.

पुढे कितीतरी वर्षांनी, सोमवारी शंकराच्या देवळातून येताना, मी त्याला विचारलं. तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं.
"मग लोकांना बोलत का नाहीस, दादा?"
"बोललो तर आयचं नाव येल. म्हातारीनं पोराची फायनल घालवली म्हनतील. त्यापेक्षा मला भित्रा म्हनूदे."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तरीही तो बोलला नाही.
म्हणून मी बोलतोय. आवडलं नसतं त्याला. पण त्याच्या मुलीने विचारलं आहे.

आज सकाळी गेलो, तर पांडूदादाच्या ओटीवर युसुफभाई आधीच येऊन बसले होते. गुडघे गेलेत, काठी लागते. मी वैशालीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती त्यांच्याकडे.

"चाचा, तुम्ही तिथं होतात. बाबा तुम्हाला घाबरले होते?"

युसुफभाईंनी काठी बाजूला ठेवली.

"बेटी, उसकी सेमीफायनल मैंने देखी थी. सामनेवाला लडका पेट पकडके बैठ गया था. फायनल के पहले की पूरी रात मैं सोया नहीं. दुसऱ्या दिवशी तो बोलला, दाढी नाही करणार, तर मी कोपऱ्यात जाऊन अल्लाहचे शुक्र मानले."

मग मान खाली घालून म्हणाले,
"डरा तो मैं था. तीस साल से ट्रॉफी घर में रखी है, किसी को बोला नहीं."

वैशाली तेव्हा रडली.

पोल अजून चालू आहे. ज्याला मत द्यायचं त्याने द्यावं, पण हे वाचून द्यावं.

पांडूदादा, सुखाने जा.
हसले त्यांच्या वतीनेही तुला माझा शेवटचा नमस्कार.