पलंगाच्या उंचीची खिडकी

"ताई, खोली तुमी झ्याक केली. पर आमची मंडळी पलंगामागं फरशीवर निजती."

सुभेदार टोपी मांडीवर ठेवून आमच्या सांगलीच्या ऑफिसात बसले होते. पलटणीतून रिटायर झालेले, कुंडलकडचे ऊसवाले. त्यांच्या बायकोला हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की काही महिने पडून राहायचं, उठबस बंद, नाहीतर दुसरा झटका यायचा. म्हणून सुभेदारांनी दोघांची निजायची खोली आमच्याकडून नव्याने करून घेतली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आर्किटेक्चरचा डिप्लोमा करून नुकती लागले होते. बाई ड्रॉइंग काढते म्हणून लोक दारातून डोकावून जायचे.

"गादी टोचत असेल," ऑफिसचे साहेब मला म्हणाले. "बघून या. पण भिंत फोडायची कबूल करून येऊ नका."

खोलीचा मला अभिमान होता. आधी तिथे ट्रंका, शेंगांची पोती आणि लग्नातली पातेली होती. कुणाला काही हवं असलं की तो सरळ आत यायचा. आम्ही ते सगळं बाहेर काढलं, भिंतींना फिकट निळा डिस्टेंपर दिला आणि अंगणाकडे मोठी खिडकी काढली. खिडकीच्या खालच्या कडेला सिल म्हणतात. ती साधारण कमरेइतकी उंच असते. सुभेदारांनी छावणीत कुणा अधिकाऱ्याच्या बंगल्यात खाली आणलेली सिल पाहिली होती. "पडल्या पडल्या तिला ऊस दिसला पायजे," ते म्हणाले. मलाही पटलं. आम्ही सिल पलंगाच्या उंचीला आणली.

मी गेले तेव्हा सुभेदारांच्या पत्नी, काकी, खरंच पलंगाआड, भिंतीला टेकून फरशीवर बसल्या होत्या. चेहरा ओढलेला.

"गादी टोचते का?"

"न्हाई गं."

"वारा लागतो? ऊन येतं?"

"काय बी न्हाई. खोली लय चांगली हाय."

मी टेप काढून उगाच मापं घ्यायला लागले. काय मोजत होते, देव जाणे. तेवढ्यात अंगणात कुणीतरी खाकरलं. काकींनी पलंगाची कड धरली आणि उठल्या. डोईवर पदर ओढला, मान खाली घातली. पाय लटपटत होते, कपाळावर घाम. मी त्यांना धरायला धावले.

बाहेर कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर सुभेदारांचे थोरले भाऊ, आबा, येऊन बसले होते. खिडकीच्या बरोबर समोर. ते बसले तेव्हा काकी हळूच पलंगाआड खाली बसल्या.

"दिवसातनं किती वेळा उठता अशा?"

"ते येत्यात-जात्यात तवा. आवं, थोरल्या दिरासमोर पलंगावर पाय पसरून पडू व्हय? लगीन झाल्यापास्नं कवा बसले बी न्हाई."

घरभर शोधून तेवढीच एक जागा त्यांना सापडली होती, जिथे खिडकीची नजर पोचत नव्हती. मला रडू आलं आणि स्वतःच्या ड्रॉइंगचा रागही आला.

"पडदा लावू या," मी म्हटलं.

"नगं. मला बघून पडदा वढती, असं वाटंल त्यास्नी."

सिल वर घ्यावी, तर खाकरणं भिंतीतूनही ऐकू येणारच आणि काकी उठणारच. मी सुभेदारांना गाठलं. ऐकून ते हबकलेच.

"मग सांगा ना आबांना."

"मी?" ते दचकून म्हणाले. "न्हाई ताई. मी बी उबाच ऱ्हातो की त्यांच्याम्होरं."

लढाईवर जाऊन आलेला माणूस! शेवटी मीच कट्ट्याकडे गेले. परकी होते, हेच माझं भांडवल. जे होतं ते स्पष्ट सांगितलं. आबांनी मळत असलेली तंबाखू तशीच हातात धरली.

"ती उबी ऱ्हाती? माज्यासाठनं?"

"हो."

"आन मी हितं कशापायी बसतोय, ठावं हाय? कोन बी उठतंय आन तिला हाका मारतंय. म्हनलं, दारात आपुन बसावं, म्हंजे तिला कुनी उठवनार न्हाई."



आबा उठले. आत अर्थातच काकीही उठल्या. ते खिडकीपाशी गेले, पण आत न बघता पाठ फिरवून उभे राहिले. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ते भावजयीशी थेट बोलले.

"बाई, पड जा. फरशीवर न्हाई, पलंगावर. तू पडल्याबिगर मी हितनं हलत न्हाई. माज्या भावाचं मानूस गमवायचं न्हाई मला."

 मग पलंग करकरला. आबांनी मागे न बघताच पायताण सरकवलं आणि गोठ्याच्या अंगाला निघून गेले. मी डोकावले तर काकी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या.

आबांनी बैठक गोठ्यापलीकडे नेली, भेटायला येणारी माणसंही तिकडेच जाऊ लागली. काकी बऱ्या झाल्या, पुढे बरीच वर्षं जगल्या. खिडकीची एक वीटही आम्हाला हलवावी लागली नाही. साहेब त्यावर खूश होते.

त्यानंतर कुणाचीही निजायची खोली करायला घेतली की टेप उघडण्याआधी मी घरातल्या बाईला बाजूला घेऊन विचारते, "तुम्ही कुणाकुणाला बघून उठता?" बहुतेकजणी हसतात. मग नावं सांगायला लागतात.