एक तास बारा मिनिटं

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी नाशकात अशोक स्तंभाजवळच्या एका लहान ऑफिसात कामाला होते. शेतकऱ्यांकडून हाताने भरून घेतलेले सर्वेक्षणाचे फॉर्म आमच्याकडे यायचे. ते स्कॅन करून आम्ही इंटरनेटवरून घरी बसून काम करणाऱ्यांना पाठवायचो, आणि ते टाईप करून परत पाठवायचे. या माणसांना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. ओळख फक्त ई-मेलच्या पत्त्याची, आणि पन्नास फॉर्मच्या प्रत्येक गठ्ठ्याखाली त्यांनी लिहिलेल्या एका ओळीची: 'लागलेला वेळ'.

त्या ओळीवरून माणूस खरा की खोटा हे ठरवायचं माझं काम. ऑफिस चालवणाऱ्या आमच्या सरांचा हिशोब सरळ होता. पन्नास फॉर्मना अडीच तास लागतात. पंधरा-वीस मिनिटं इकडे-तिकडे चालतील. त्याहून फार कमी वेळ लिहिणारा एक तर थापा मारतो, नाही तर काम सायबर कॅफेतल्या कुणाकडून तरी उरकून घेतो. अशांच्या नावापुढे मी लाल खूण करायची. तीन खुणा झाल्या की काम बंद.

निफाडकडच्या एका खेड्यातल्या बाईंना दोन खुणा झाल्या होत्या. त्यांचा वेळ कधी एक तास बारा मिनिटं, कधी एक तास नऊ. तिसरा गठ्ठा आला तोही तसाच. सर म्हणाले, "बघितलंस? खोटं बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोलावं माणसानं."

मी मान डोलावली, पण खूण करायला हात उचलेना. कारण त्यांच्या कामात चुका सापडत नव्हत्या. बाकीचे लोक गावांची नावं वाटेल तशी लिहीत. एकाने तर कारसूळचं 'कापूस' केलं होतं. या बाईंचं एकही गाव चुकत नसे. नाव नोंदवताना त्यांनी दिलेल्या घरच्या नंबरवर मी फोन लावला. उचलला त्यांच्या सासूबाईंनी.

"ती द्राक्षाच्या बागेत गेली हाय. काय काम व्हतं?"

मी विचारलं, "त्या एवढ्या लवकर टाईप कशा करतात?"

"आता ते फोनवर कसं दावू? ये की इकडं. बसून बघ."

रविवारी मी एसटीने गेले. का गेले, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. घरी पोचले तर ओसरीत कॉम्प्युटर, त्यावर भरतकामाचं झाकण, आणि समोर दोन खुर्च्या. सूनबाई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असावी. मी ऑफिसातून आलेय म्हटल्यावर ती घाबरली. "मॅडम, काही चुकलं का?"

सासूबाईंनी तिला उत्तराची वाट बघू दिली नाही. "चालू कर गं," म्हणाल्या, आणि चष्मा लावून शेजारच्या खुर्चीत बसल्या.

मी घड्याळ काढून बसले. सूनबाईला कीबोर्डकडे न बघता टाईप करता येत नव्हतं. पण तिला वर बघायची गरजच पडत नव्हती. पडद्यावरचा फॉर्म सासूबाई मोठ्याने वाचत होत्या आणि ती खाली मान घालून बोटं चालवत होती. अक्षर गिचमिड आलं की सासूबाई क्षणभर थांबायच्या, "हा शिरवाड्याचा असंल, हे आडनाव तिकडचंच," म्हणायच्या आणि पुढे जायच्या. एका फॉर्मवर तर त्या हसायलाच लागल्या. "दोन एकरात बारा विहिरी? काय पाण्यात राहतो का काय! दोनच असत्याल, आधीचा एक न्हाई, ती नुसती रेघ पडलीय बघ." खरंच रेघ होती. मला ती दिसली नव्हती.

पन्नास फॉर्म झाले तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. मध्ये मला चहा दिला तो वेळ धरून.

"पण हे दोघींचं काम आहे, असं कळवलं का नाही?" मी सूनबाईला विचारलं.

"तुमच्या नियमांत एकीलाच काम मिळतं असं लिहिलं होतं ना. आईंचं नाव कळलं तर बंद कराल म्हणून भीती वाटली. पण वेळ मी खराच लिहिला, मॅडम. तेवढं तरी खरं असू दे म्हटलं."

परतताना एसटीत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण माणसं कमी पडली की ऑफिसातले गठ्ठे मीही टाईप करायचे. मला तीन-साडेतीन तास लागायचे. आणि खाली मी दर वेळी लिहायचे, दोन तास पस्तीस मिनिटं. सरांना पटेल असं.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं, दोघींचंही आणि माझंही. सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "म्हणजे अडीच तासवाले सगळेच..." आणि ते स्वतःच एक गठ्ठा उघडून टाईप करायला बसले. दुपारी जेवायला उठले तेव्हा त्यांचे एकोणीस फॉर्म झाले होते.

लाल खुणा बंद झाल्या. खरं-खोटं आम्ही चुकांवरून पाहू लागलो. सासूबाईंचं नाव सुनेच्या नावाशेजारी लिहिलं गेलं. दोघींनी पुढे दोन वर्षं काम केलं. मी नोकरी सोडली त्या आठवड्यात त्यांचा गठ्ठा आला. खाली लिहिलं होतं: "लागलेला वेळ एक तास एकतीस मिनिटं. एका आडनावावरून आमचं भांडण झालं. आई बरोबर होत्या."