ठिपके कमी आहेत

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या दारात येणारं माणूस एकच उरलं होतं, भाजीवाली. कामरगावच्या शिवारात तिची वांग्यांची आणि पालेभाजीची वाडी. बाजार उठला की ती मला भाजी द्यायला यायची आणि उंबऱ्यावरूनच परत जायची. मी लग्न केलं नाही, कुणाला घरी बोलवायची सवयही लावून घेतली नाही. गणिताची बाई म्हणून सारं गाव मला वचकून असायचं आणि मला ते आवडायचं. आता त्या दराऱ्याचं काय लोणचं घालू?

एकदा ती उंबऱ्यातच थबकली. "बाई, हे केवास थेरी काय हाय? जावई म्हनते, त्याच्यानं लॉटरीचा नंबर निघते. मोबाईलात पाह्यलं त्यानं."

दर आठवड्याला ती एक तिकीट घेते, हे मला तेव्हा कळलं.

"केऑस थिअरी," मी आधी उच्चार सुधारला. खोड जात नाही. मग म्हटलं, आत या, दाखवते.

बेशिस्त दिसणाऱ्या गोष्टीत कधी कधी नियम लपलेला असतो. तो शोधायची एक साधी रीत आहे. या सोडतीचा आकडा आडव्या अक्षावर धरायचा, पुढच्या सोडतीचा उभ्या अक्षावर, आणि दोन्ही मिळतात तिथे ठिपका द्यायचा. नियम असेल तर ठिपके एखाद्या वळणदार रेघेवर गोळा होतात. नसेल तर कागदभर सांडतात. तिनं लॉटरीच्या टपरीवरून जुन्या निकालांचे कागद आणले. ती शेवटचे दोन आकडे वाचायची, मी आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायचे. मध्ये चहा, तिच्या सुनेची गाऱ्हाणी, बाजारातली भांडणं. माझ्या घरात इतकं हसणं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या कागदावरच मला कळलं की यात काही नाही. असणारच नव्हतं. सोडतीला मागचं काहीच आठवत नसतं. पण ती विचारायची, "दिसलं काई?" आणि मी म्हणायचे, "ठिपके कमी आहेत." कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारी मी, चार महिने धडधडीत खोटं बोलले.

एके दिवशी तिनं सगळे कागद जमिनीवर अंथरले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"बाई, हे तं सांभार फोकून पेरल्यावानी दिसून राह्यलं. याच्यात तासच नाई."

उधळून पेरलेल्या कोथिंबिरीत ओळ शोधायची नसते, हे तिला मी काय शिकवणार!

"नाही," मी म्हटलं.

"तुमाले कधी समजलं?"

"दुसऱ्या कागदावर."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुम्ही यायचं बंद केलं असतं."

तिनं कागद गोळा करून माझ्या हातात दिले. "नुसतं या म्हनलं असतं, तरी आली असती मी. मले येडी समजून काहून बसवलं?"

त्यानंतर ती आली नाही. चार बाजार झाले. मला स्वतःची लाज वाटते आणि घर खायला उठतं.

काल पिशवी घेऊन मी बाजारात गेले. 'या', एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. वाटभर ते घोकत होते. तिच्या दुकानासमोर उभी राहिले. तिनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबली.

"वांगी कशी दिली?" मी विचारलं.

तिनं भाव सांगितला.