इनासकाकांचा निळा

इनासकाकांकडे मी पहिल्यांदा गेलो तो वाद घालायला. पार्लरमधले जुने व्हिडिओ गेम आजच्या कॉम्प्युटरवर जसेच्या तसे चालवायचे, म्हणजे एम्युलेशन, हा माझा छंद. कुठल्याही क्लासशिवाय शिकलो, आणि रंगांत माझी चूक काढणारा तोवर कोणी भेटला नव्हता. वसई-विरारच्या पार्लरमधली मशीन्स उभं आयुष्य दुरुस्त केलेले काका गिरीजला राहतात एवढं कळलं होतं. त्यांनी माझा लॅपटॉप पाहिला. “हे केळीचं पान आहे की पोपट? बंद कर ते. आधी चहा घे.”

मग पडवीतलं मशीन सुरू केलं. पिक्चर ट्यूबवरचा तो हिरवा पाहिला आणि मी लॅपटॉप मिटून चहा घेतला.

काका रंग कधीच घरी लावत नसत. मशीन पार्लरमध्ये ठेवलं की तिथल्या उजेडात, पडद्याशेजारी आपला पांढरा रुमाल धरून, आधी पांढरा जुळवत. मालक घाई करू लागले तर म्हणत, “मग तुम्हीच लावा.”

काकू गेल्या, मुलं परदेशी स्थायिक झाली. दर रविवारी काका चर्चमधल्या मिसाहून आले की मी वसईतल्याच एव्हरशाईनहून पोचायचो. मीही एकटाच; घरी, कुठला निळा, असं विचारणारं कोणी नाही. पुढे पडवीतल्या मशीनची ती ट्यूब जळाली आणि रंग ताडून पाहायला काकांची आठवण तेवढी उरली.

एका गेमच्या आकाशाचा निळा मी मूळ बोर्डावरचे, रंग ठरवणारे रेझिस्टर मोजून काढला होता. काका म्हणाले, “फिका आहे. वाढव.” तीन रविवार भांडलो. शेवटी त्यांचा निळा ठेवला आणि जगभरच्या चार-दोन छांदिष्टांना पाठवला.

गेल्या वर्षी काकांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्याच दिवशी फोन आला. “विलास, ये. चूक झालीय.”

माझ्या लॅपटॉपवरच्या त्या आकाशासमोर उजवा डोळा झाकून ते म्हणाले, “असं बरोबर.” मग डावा झाकला. “असं पाहिलं तर नीळ सांडलीय. पिवळी काच माझ्या डोळ्यात होती रे, आणि सुधारत बसलो तुझा रंग. हा रुमालसुद्धा इतका पांढरा होता?”

माझा आकडा बरोबर निघाला होता. आनंद मात्र झाला नाही.

“सगळ्यांना कळव,” काका म्हणाले. “माझं नाव घालून.”

“नाव कशाला, काका?”

“चूक माझी, तर नाव कोणाचं घालतोस?”

मग रुमालाची घडी करत हळूच म्हणाले, “आता मोजूनच जमतंय तुला. इकडे यायचं तसं काही कारण नाही.”

“लाल राहिलाय अजून,” मी म्हणालो.

काकांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या काकांचा डावा डोळाही लवकरच उजव्यासारखा स्वच्छ होवो, हात असेच स्थिर राहोत आणि त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. लाल आम्ही अगदी सावकाश लावणार आहोत.