पाय सोडायला जागा

हातमागावर पहिली कुऱ्हाड मी घातली. नवऱ्याचा हात उठत नव्हता. बाहेर चार गिऱ्हाइकं ताटं घेऊन बसलेली, चुलीतली लाकडं ओली, मटण अर्धं कच्चं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या मागाचं सागवान तेवढं कोरडं होतं. सासरे दारात उभे होते.

"काहून तोडून राहिली वं सूनबाई?"

"चूल विझून राहिली मामाजी," मी म्हटलं आणि दुसरा घाव घातला.

वच्छला, तू धाकटी जाऊ, मौद्यालाच राहिलीस. तुला आजवर वाटतं, आम्ही शहरात माग विकला. विकला नाही, जाळला.

मौद्याच्या घरी माग खड्ड्यावर होता. विणणारा काठावर बसणार आणि पाय खाली सोडून पावड्या दाबणार. गिरणीची स्वस्त पातळं आली आणि आपली लुगडी बाजारातून जशीच्या तशी परत यायला लागली. म्हणून आम्ही तिघं माग बैलगाडीत घालून नागपूरला आलो. खोली घेताना छप्पर पाहिलं, नळ पाहिला. जमीन पाहायची असते हे एकालाही सुचलं नाही. सगळी फरशी होती. घरमालक म्हणाला, "खड्डा खोदाल तर त्यातच गाडीन तुम्हाले." तो हसला, पण थट्टा करत नव्हता. मामाजी फरशीवर मांडी घालून बसायचे आणि रोज तेच विचारायचे, "पाय कुठं सोडू वं?"

मग मी खानावळ घातली. रस्सा घरच्यासारखाच केला, तर एकजण म्हणाला, "कोष्ट्याचं मटण म्हणता अन् तिखट नाही?" दुसऱ्या दिवशी मूठभर मिरची जास्त घातली. मग वाढवतच गेले. आता मुंबईचे पाहुणे नाक पुसत म्हणतात, हीच खरी जुनी चव. अशा कौतुकावर माझा भरवसा नाही. एवढं तिखट आपल्या घरात कोणी खाल्लं, तूच सांग. माझी नातसुद्धा त्यालाच जुनं समजते.

माग जाळला त्या दिवशीचं मटण मामाजींनी खाल्लं नाही. चार दिवसांनी ते तुझ्याकडे निघून आले, पण माग जाळल्याचं त्यांनी तुला सांगितलेलं दिसत नाही. रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसतात, जेवतातही तिथंच, असं तूच कळवलं होतंस.

आता माझ्या मुलानं खानावळीचं हॉटेल केलंय आणि तिथं एक माग आणून मांडलाय, टाइल्सवर, भोवती दोरी. लोक फोटो काढतात. एका बाईनं विचारलं, "आजी, हा चालतो का?" मी म्हटलं, "बसणाऱ्याचे पाय कुठं जातील ते सांगा, मग चालवून दाखवते." ती हसली. मुलगा चिडला, "गिऱ्हाइकाले असं बोलतेस का वं माय?"

तुझं पत्र मिळालं. घरात फरशी बसवून राहिलात, खड्डा बुजणार. शहरातले लोक येतात, त्यांना बरं दिसावं म्हणून, असं लिहिलंस. कोण येतात? कशाला येतात? विचारून घे. आणि मी येईपर्यंत खड्डा राहू दे. मौद्याला होते तोवर मी सुताच्या कांड्याच भरल्या, मागावर कधी बसले नाही. एकदा पाय सोडून पाहायचे आहेत. घर म्हणून माझं आता तेवढंच उरलंय.

त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो. मामाजी मौद्याला वारले, नवरा इथं वारला. कुऱ्हाड धरणारी जिवंत आहे.