सावनीची पानगळ

प्रताप नगरात मी ज्या काकूंकडे खोली घेऊन राहते, त्यांच्या अंगणात सावनीचं झुडूप आहे. काकांनी लावलेलं, काका आता नाहीत. पावसाळाभर ते गुलाबी फुलांनी भरून जातं. दिवाळीनंतर काकू मुलीकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा म्हणाल्या, "सावनीले पाणी टाकत जाजो वं. एवढंच काम."

थंडी पडली तशी पानं पिवळी झाली, मग लाल. खोडाची सालही सुटू लागली. ते सुंदर होतं, असं आता म्हणता येतं. तेव्हा मला फक्त भीती वाटली. आमच्या नरखेडकडे संत्र्याचं झाड बारा महिने हिरवं असतं. ते पिवळं पडलं की डिंक्या रोग लागला, मुळं सडली, असंच समजायचं. गेल्या वर्षी आमची अर्धी बाग अशीच गेली. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, पण शिकते कॉमर्स. झाडांचं जे कळतं ते बाबांकडूनच. मी त्यांना फोटो पाठवला.

ते सकाळच्या एसटीनेच आले. "पाणी काहून टाकून राहिली वं? सडून राहिलं ना ते!" त्यांनी बुंधा उकरला, काळपट दिसली ती मुळं कापली, खोडाला बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा, निळसर लेप दिला. "आता वाचते," म्हणाले. बाग गेल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

काकू परतल्या आणि निळं खोड पाहून पायरीवरच बसल्या. "अवं, हिवाळ्यात ते झडतेच! दरवर्षी झडते."

हे बाबांना कसं सांगायचं, मला कळेना.

फाल्गुनात समोरच्या घरच्या सावनीला पालवी आली. आमची तशीच उभी. बाबा फोनवर विचारत, "फुटलं का वं?" शेवटी न कळवताच आले. फांदी नखाने खरवडली. आत तपकिरी, कोरडं. खरवडत खरवडत खाली गेले, तेव्हा मातीजवळ थोडं हिरवं लागलं.

"बुडातून छाटा लागते, ताई," ते काकूंना म्हणाले. मान खाली. "समोरचं पाहिलं मी. याले रोग नव्हताच. मीच मारलं."

काकू खोडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "छाटा भाऊ. पण मले आत जाऊ द्या."

दार लोटलं गेलं. बाबांनी करवत टेकवली, थांबले.

"वरून धर वं," हळूच म्हणाले. "धाडकन पडू नको देऊ. त्यायले आवाज जाईन."

मी दोन्ही हातांनी फांद्या धरल्या.